बारनिशीबाहेरची हवा

सरकारी कचेरीत आलेला प्रत्येक कागद प्रथम आवक बारनिशीत चढतो, त्यावर क्रमांक पडतो, आणि मगच तो कोणाच्या मेजावर जावयाचा हे ठरते. एखादा कागद मागल्या दाराने थेट मेजावर आला तर त्याचा निकाल लागत नाही असे नाही; परंतु हिशेब बिघडतो, आणि तो नेमका कोठे बिघडला हे महिनोन् महिने कळत नाही. जुन्या मोटरसायकलीच्या एका नेहमीच्या दुखण्याचे स्वरूप बरोबर असेच आहे. इंजिनात जाणारी सारी हवा कार्ब्युरेटरच्या एकाच दाराने, मोजून, आत जावी अशी योजना असते. जोडातल्या एखाद्या फटीतून न मोजलेली हवा आत शिरू लागली की यंत्र बिथरते, आणि दोष मात्र पेट्रोलला, जेटला किंवा प्लगला दिला जातो. हे एकच दार कसे निर्माण झाले, याचा इतिहास ठाऊक असल्यास दुखण्याचे निदान बरेच सोपे होते, असा आमचा अनुभव आहे.

मोटरसायकलीचा आद्य अवतार म्हणजे गोटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीत १८८५ साली बनविलेली लाकडी सांगाड्याची गाडी. तिच्यात पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेत, आणि जी वाफ तिच्यात मिसळेल तेवढ्यावर इंजिन चाले. थंडीत वाफ कमी, उन्हाळ्यात जास्त. पेट्रोल शिळे झाले की त्यातला हलका अंश आधीच उडून गेलेला. म्हणजे हवेलाही माप नव्हते आणि पेट्रोललाही नव्हते. १८९३ च्या सुमारास मायबाखने, आणि त्याच वेळी हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी स्वतंत्रपणे, वाफेचा नाद सोडून फवाऱ्याची युक्ती योजिली. कार्ब्युरेटरचा खरा जन्म तो.

या युक्तीचे मूळ त्याहून पुष्कळ जुने आहे. वाहत्या द्रवाचा वेग वाढला की त्याचा दाब उतरतो हा सिद्धांत डॅनियल बर्नुली याने १७३८ साली मांडला, आणि नळीचा गळा आवळला असता तेथे दाब कसा कमी होतो हे इटलीतील व्हेंचुरी याने १७९७ मध्ये दाखविले. कार्ब्युरेटर म्हणजे असाच आवळलेला गळा. दट्ट्या खाली गेला की हवा आत धावते, गळ्यापाशी तिचा वेग वाढतो व दाब घटतो. शेजारच्या वाटीतील पेट्रोलवर मात्र बाहेरच्या वातावरणाचा पूर्ण दाब असतो. या दोन दाबांतील फरकामुळे पेट्रोल जेटमधून वर ढकलले जाते. इंजिन पेट्रोल ओढून घेते असे आपण म्हणतो. वस्तुतः बाहेरची हवाच ते आत लोटते. म्हणून टाकीच्या झाकणातील सुईएवढे भोक बुजले तरी धडधाकट गाडी थोड्याच वेळात बंद पडते.

आता मापाची गोष्ट. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. घनफळाने पाहू गेल्यास एका लिटर पेट्रोलमागे सुमारे ९,००० लिटर हवा होते. एवढ्या हवेचा हिशेब अंगठ्याएवढ्या जाडीच्या वाटेने ठेवावयाचा असतो. गाडी नुसती उभी असताना ती वाट जवळजवळ मिटलेली असते, आत जाणारी हवा अगदी थोडी असते, आणि आतली पोकळी सर्वांत प्रबळ असते. म्हणूनच चोरवाटेची हवा प्रथम जाणवते ती आयडलिंगवर. थ्रॉटल पूर्ण उघडले की मोजलेल्या हवेच्या लोंढ्यात ती बुडून जाते, आणि हमरस्त्यावर गाडी ठणठणीत आहे असा भास होतो. वाराणसीत मोटरसायकल चालवावी लागते ती गोदौलियाच्या गर्दीतून व घाटांकडच्या गल्ल्यांतून, पावलापावलाने, गाई, माणसे आणि हातगाड्या यांना वाट देत. आयडलिंगचा दोष या नगरीत लपून राहूच शकत नाही.

आपल्या देशात ही विद्या घरोघर पोहोचली ती स्वातंत्र्यानंतर. इंग्लंडमधील तीन कार्ब्युरेटर-कंपन्या एकत्र येऊन १९२७ साली ‘अमाल’ हे नाव जन्मास आले होते. ब्रिटिश मोटरसायकलींबरोबर ते भारतात परिचित झाले. १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडियाची स्थापना झाली आणि बुलेटची जुळणी येथे होऊ लागली. १९६१ मध्ये म्हैसूरला आयडियल जावाच्या कारखान्यातून चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर जावा गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे त्यांनाच येझदी हे नाव मिळाले, आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. पुण्याजवळ आकुर्डीस बजाजच्या स्कूटरी निघू लागल्या त्याही साठीच्या दशकाच्या आरंभीच. त्या पिढीच्या मराठी मध्यमवर्गाचा यंत्राशी पहिला घरगुती परिचय झाला तो या वाहनांच्या कार्ब्युरेटरमधूनच, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्यांतल्या कित्येक गाड्या वडिलांकडून मुलाकडे आल्या, आणि मुलाच्या बदल्यांबरोबर, टाकी रिकामी करून, गोणपाटात गुंडाळून, रेल्वेच्या पार्सलाने देशभर हिंडल्या.

आमच्या घरची येझदी अशीच सोलापुराहून वाराणसीस आली. येथे आल्यावर तिने नवाच सूर धरला. थ्रॉटल सोडले तरी इंजिनाचा वेग उतरेना. सिग्नलपाशी ती उभ्या उभ्या गर्जत राही. उतारावर सायलेन्सरमधून फटाके वाजत. प्लग काढावा तो चुन्यासारखा पांढरा. एका कारखान्यात जेट बदलण्यात आले, दुसऱ्यात त्याहून मोठे घालण्यात आले, तिसऱ्यात सुई वर उचलण्यात आली. पेट्रोल अधिक जळू लागले, दुखणे होते तेथेच राहिले. शेवटी एका वृद्ध मिस्त्रीने हत्यारास हातही न लावता, नुसते ऐकून, ‘हवा ले रही है’ एवढेच निदान सांगितले. आपल्याकडचे मिस्त्रीही ‘गाडी हवा घेते’ असेच म्हणतात. प्रांत बदलला तरी दुखण्याचे नाव बदलत नाही, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटले.

त्याची परीक्षा साधी व बिनखर्ची होती. चोक थोडा ओढल्यावर गाडी सुधारली, म्हणजे मिश्रणात हवा जास्त किंवा पेट्रोल कमी, हे ठरले. मग इंजिन मंद चालू ठेवून त्याने कार्ब्युरेटर व सिलिंडर यांच्या जोडावर कुंचल्याने पातळ तेल फिरविले. एका कोपऱ्यावर कुंचला येताच गर्जना क्षणभर खाली बसली, कारण तेलाने फट बुजली. जेट बुजलेले असते तर या तेलाचा काहीच परिणाम दिसला नसता. दोन रोगांतला भेद एवढ्यावरून कळतो. काही जण या परीक्षेस पेट्रोलच शिंपडतात. तापल्या सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर तसे करणे म्हणजे आगीस आमंत्रण होय.

कार्ब्युरेटर उतरविल्यावर कारण दिसले. त्याचे अंग जस्ताच्या मऊ मिश्रधातूचे असते, आणि दोन नट वर्षानुवर्षे जोराने आवळल्यामुळे फ्लँजचे दोन्ही कान पुढे वाकून मधला भाग उचलला गेला होता. फट वाढली की नट अधिक आवळावयाचा, आणि आवळला की फट अधिक वाढावयाची, असे हे चक्र आहे. त्यावर उपायही संयमाचाच. सपाट काचेवर बारीक पॉलिश कागद पसरून फ्लँज हलक्या हाताने सर्वत्र सारखी चकाकेपर्यंत घासावयाची, नवे गास्केट घालावयाचे आणि दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावयाचे. त्याच वेळी आतली स्लाइड झिजून खुळखुळत नाही ना, हेही पाहावे. तिच्या बाजूनेही हवा शिरते. जेट फुंकून किंवा दाबाच्या हवेने साफ करावे. तार घातल्यास भोक मोठे होते आणि माप कायमचे बिघडते.

एवढे करून वेग उतरू लागला, तरी पूर्ण समाधान झाले नाही. याचे कारण टू-स्ट्रोक इंजिनाच्या रचनेत आहे. जोसेफ डे या इंग्रजाने १८९० च्या सुमारास जी रचना काढली, तीत मिश्रण प्रथम दट्ट्याखालच्या क्रँककेसमध्ये जाते व तेथून वर चढते. म्हणजे क्रँककेस हा शोषणमार्गाचाच भाग झाला, आणि क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी सीले ही त्या मार्गाची दारे झाली. क्लचच्या बाजूचे सील गेले की गिअरबॉक्समधील तेल कमी होते व धूर वाढतो, म्हणून ते लवकर उमगते. डायनमोच्या बाजूचे गेले तर नुसती हवा आत जाते. धूर नाही, डाग नाही. या गाड्यांत वंगणाचे तेल पेट्रोलमधूनच जात असल्याने, मिश्रण विरळ झाले की वंगणही विरळ होते, आणि लांबच्या प्रवासात दट्ट्या सिलिंडरला धरतो. भरधाव असताना मागचे चाक एकाएकी जखडले तर संकट गाडीपुरते राहत नाही, चालविणाऱ्यावर येते. म्हणून थंड इंजिनाची शोषणाची व धुराची वाट बंद करून आत चौरस इंचास सुमारे ५ पौंड दाबाची हवा भरावी आणि साबणाच्या पाण्याने बुडबुडे शोधावेत. आमच्या गाडीत बुडबुडे आले ते डायनमोच्या बाजूसच. सील बदलले, आणि मगच, इंजिन तापल्यावर, हवेचा स्क्रू फिरवून आयडलिंग बसविले. चोरवाटा मिटविण्यापूर्वी स्क्रू फिरविणे व्यर्थ असते.

परगावी राहणाऱ्या आमच्या वाचकांस आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. वाराणसी समुद्रसपाटीपासून सुमारे ८० मीटर उंचीवर आहे, शिलाँग सुमारे १,५०० मीटरवर. तेथे हवा सातव्या हिश्शाने विरळ असल्याने तीच गाडी पेट्रोल जास्त झाल्यासारखी गुदमरते, आणि लहानशी फट तेथे झाकून जाते. डोंगरावरून बदली होऊन मैदानात आलेल्या गाडीने एकाएकी तक्रार सुरू केल्यास फट जुनी असण्याचा संभव धरावा. दुसरी गोष्ट इथेनॉलची. २०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. इथेनॉलला वजनाच्या नऊपटच हवा पुरते, म्हणून अशा पेट्रोलचे योग्य प्रमाण साडेतेरा भाग हवेच्या आसपास येते. जुन्या जेटवर गाडी आधीच थोडी विरळ चालते, आणि त्यात फटीची हवा मिळाली की दुखणे दुणावते. शिवाय जुने रबर त्याने फुगते किंवा कडक होऊन चिरते. यास्तव सीले व नळ्या बदलताना व्हायटनच्या घेणे श्रेयस्कर. बदलीच्या काळात गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल, तर कार्ब्युरेटरची वाटीही रिकामी करून ठेवावी.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि नव्या मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता हवेचा अंदाज घेऊन पेट्रोल किती फवारावयाचे हे विजेचे यंत्र ठरविते. या नगरीस हा प्रकार सर्वस्वी नवा नव्हे. येथल्या रेल्वे कारखान्यातून जानेवारी १९६४ पासून निघालेल्या डिझेल इंजिनांत कार्ब्युरेटर कधी नव्हताच. परंतु नवे यंत्र आपली चूक दिव्याने कळविते, जुने ती आवाजाने कळवीत असे, आणि तो आवाज ओळखणारे कान आता वृद्ध होत चालले आहेत. ज्यांच्या दारात जुनी गाडी उभी आहे, त्यांनी एखाद्या रविवारी अशा मिस्त्रीशेजारी बसून तो सूर ओळखावयास शिकून घ्यावे. गाडीचे सुटे भाग पुन्हा घडविता येतील. तो कान पुन्हा घडविणे कठीण आहे.