नात्यांची नोंद : महानुभावांच्या पोथ्या आणि ग्राफ डेटाबेस

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर आणि लोणार ही गावे श्रीचक्रधरस्वामींच्या भ्रमंतीमुळे महानुभाव वाङ्मयात आली. याच जिल्ह्यातील नरवेल हे वि. भि. कोलते (१९०८–१९९८) यांचे जन्मगाव. त्यांनी संपादित केलेली ‘स्थानपोथी’ मलकापूरहून प्रसिद्ध झाली. ‘लीळाचरित्रा’ची त्यांची आवृत्ती १९७८ साली निघाली. हे ग्रंथ आज संगणकात उतरवायचे ठरले, तर त्यांची मांडणी कशी असावी? हा प्रश्न तांत्रिक दिसतो, पण तो मुळात पाठचिकित्सेचा आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडून गोळा केल्या. मूळ प्रत खालशाच्या धाडीत नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. पुढे स्मरणातून पाठ सिद्ध झाले आणि ते एकमेकांशी जुळेनात. संकलकांनी मात्र मतभेद पुसले नाहीत. भिन्न पाठ ‘वासना’ म्हणून, तो कोणाचा हे सांगून, त्यांनी लीळेतच नोंदवला.

लीळाही एकेकटी राहिली नाही. तिच्यातील वचने केसोबासांनी ‘सूत्रपाठा’त वेचली, ‘दृष्टांतपाठा’त सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक यांची सांगड घातली. ‘स्थानपोथी’ने स्वामींची आसने आणि अवस्थाने दिशांसह टिपली. एका वचनावरून प्रसंगाकडे, प्रसंगावरून गावाकडे, गावावरून देवळाच्या एखाद्या कोपऱ्याकडे जाता येईल, असे हे जाळे आहे.

संगणकशास्त्राला या रचनेचे महत्त्व वेगळ्या वाटेने कळले. चार्ल्स बाकमन यांनी १९६०च्या दशकात नोंदींना परस्परांशी जोडणारी पद्धत रचली. १९७० साली एडगर कॉड यांनी तक्त्यांवर आधारलेले प्रतिमान मांडले आणि पुढे तेच रूढ झाले. एकविसाव्या शतकात ग्राफ डेटाबेसने जोडणीला पुन्हा मध्यवर्ती स्थान दिले. त्यात व्यक्ती, स्थळ, प्रसंग हे बिंदू असतात. त्यांना जोडणारी रेषा हीही स्वतंत्र नोंद असते आणि तिला स्वतःचे गुणधर्म देता येतात.

आपल्या दृष्टीने मोलाचे आहे ते हेच. ‘ही लीळा लोणारला घडली’ हे विधान म्हणजे एक रेषा. ती कोणत्या पाठानुसार, कोणाच्या सांगण्यावरून, हे त्या रेषेवरच लिहिता येते. दुसरी वासना दुसरे गाव सांगत असेल, तर पहिली न खोडता दुसरी रेषा ओढता येते.

परंतु अभ्यासकापुढे डेटाबेस येत नाही. येतो तो ब्राउझरमधला पडदा. कोणत्या प्रकारचे बिंदू असावेत, कोणती नाती मान्य, कोणता रकाना सक्तीचा, हे तिथे ठरते. ‘स्थळ’ या रकान्यात एकच नाव भरण्याची सोय ठेवली, की वासना संपली. सातशे वर्षे हस्तलिखितांनी जपलेला मतभेद एका सक्तीच्या रकान्यापायी नाहीसा होईल, आणि पुढच्या वाचकाला तो कधी होता याचा मागही लागणार नाही.

म्हणून असा पडदा आखण्याचे काम केवळ तंत्रज्ञावर सोपवता येत नाही. रकाने ठरवणे हे संपादनच आहे. पाठभेद तळटीपेत ढकलायचा की मजकुराच्या बरोबरीने ठेवायचा, हा कोलत्यांच्या पिढीपुढचा प्रश्न तिथे पुन्हा उभा राहतो. आणि त्याचे उत्तर मराठीच्या अभ्यासकांनीच द्यायला हवे.