व्हिडिओ कॉलसाठी कोणती इंटरनेट जोडणी घ्यावी?

परदेशातील मुलाचा चेहरा पडद्यावर स्वच्छ दिसतो, आवाजही नीट येतो. मात्र तिकडून ‘तुमचं काहीच ऐकू येत नाही’ अशी तक्रार येते. अशा वेळी दोष बहुधा संगणकाचा नसून जोडणीच्या अपलोड वेगाचा असतो. जाहिरातीत ठळक अक्षरांत छापला जातो तो डाउनलोडचा वेग.

केंद्रीय दूरसंचार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडच्या व्याख्येतील किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केला, तोही डाउनलोडचाच. व्हिडिओ कॉल करणारा ग्राहक मात्र जेवढे पाहतो, साधारण तेवढेच पाठवतो. झूमच्या निकषानुसार दोघांतील ७२० पिक्सेल दर्जाच्या संभाषणास दोन्ही दिशांना सुमारे १.२ एमबीपीएस लागतात. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरील एडीएसएल जोडणीचा अपलोड वेग जेमतेम १ एमबीपीएसच्या आसपास असतो. घरापर्यंत फायबर आले असल्यास तोच पर्याय सर्वोत्तम. तरीही अपलोडचा आकडा कंपनीकडून लेखी घ्यावा.

वेगाइतकेच महत्त्व विलंबाला आहे. संभाषण सहज व्हावे यासाठी आवाज एका दिशेने १५० मिलिसेकंदांत पोहोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रहामार्फत मात्र पाव सेकंद प्रवासातच जातो. मग दोघेही एकदम बोलू लागतात आणि एकदम थांबतात. वेगाची चाचणी घेताना ‘पिंग’ आणि त्यातील चढउतार, म्हणजेच ‘जिटर’, हे आकडे म्हणूनच पाहावेत. अमेरिकेशी बोलताना थोडा विलंब राहणारच. महागडी योजना घेऊनही अंतर कमी होत नाही.

मोबाइल डेटावर काम भागते, पण वरील दर्जाच्या तासाभराच्या संभाषणास जवळपास १ जीबी खर्च होतो. दैनंदिन मर्यादा संपल्यावर वेग इतका घटतो, की चित्र जागीच थिजते.

उत्तम जोडणीही घरातील वायफायमुळे अडखळू शकते. जाड भिंतींपलीकडे बसण्यापेक्षा राउटरजवळ बसावे, शक्य असल्यास केबल लावावी. भारनियमनाच्या भागात राउटरसह फायबरचे उपकरणही इन्व्हर्टरवर घ्यावे. एकच घेतल्याने उपयोग होत नाही.

वर्षभराचे पैसे एकदम भरण्यापूर्वी त्याच इमारतीत त्याच कंपनीची जोडणी असलेल्या शेजाऱ्याकडे रात्री ९ च्या सुमारास चाचणी घेऊन पाहावी. सकाळी ११ वाजता सगळ्याच जोडण्या चांगल्या वाटतात.