पोर्ट २१ ते पोर्ट २२

 फाइल सुरक्षितपणे पाठवण्याच्या शास्त्राच्या मुळाशी एक भारतीय अभियंता आहे. आयआयटी कानपूरमध्ये शिकून एमआयटीत गेलेल्या अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये एफटीपीचा, म्हणजे फाइल पाठवण्याच्या नियमावलीचा, पहिला मसुदा लिहिला. तेव्हाच्या अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, मोजकी विद्यापीठे आणि संशोधनसंस्था होत्या. पासवर्ड उघडाच पाठवणाऱ्या त्या रचनेसाठी भूषण यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. जाळे जगभर पसरल्यावरही तीच रीत चालू ठेवली, ही चूक पुढच्यांची.

स्वतःच्याच दोन संगणकांमध्ये एफटीपीची जोडणी करा आणि वायरशार्क हे पॅकेट टिपणारे साधन लावून पाहा. पोर्ट २१ वरून जाणाऱ्या पॅकेटमध्ये ‘पास’ या आज्ञेपुढे तुमचा पासवर्ड जसाच्या तसा वाचता येतो. कोणतेही गणित सोडवावे लागत नाही.

१९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात पासवर्ड असेच चोरले गेले, आणि तिथल्या तातू युलोनेन यांनी जोडणी कूटबद्ध करणारे एसएसएच लिहिले. एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३ यांच्यामधला मोकळा २२ हा पोर्ट त्यांनी मागून घेतला. एसएसएचमधूनच फाइली पाठवणारी एसएफटीपी त्याच वाटेने चालते. टीएलएस या कूटलेखनाचे कवच घातलेली एफटीपीएसही आहे. पण तिच्यात आज्ञांची आणि फाइलींची जोडणी वेगवेगळी असल्याने फायरवॉलपाशी ती बऱ्याचदा अडते. नवी व्यवस्था उभारणाऱ्याने एसएफटीपीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्रोम आणि फायरफॉक्स यांनी २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकले. तरी रात्री आपोआप चालणाऱ्या जुन्या स्क्रिप्टांमध्ये ते पासवर्डसकट टिकून आहे. कष्टाचे काम तिथेच: प्रत्येक स्क्रिप्ट हुडकायची, ती कोणाच्या उपयोगाची आहे हे विचारायचे, पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी बसवायची आणि सर्वांत शेवटी पोर्ट २१ बंद करायचा.

एसएफटीपीने पहिल्यांदा जोडताना सर्व्हरच्या किल्लीची फिंगरप्रिंट, म्हणजे तिची छोटी ओळखखूण, पडद्यावर येते आणि पुढे जायचे का, असे विचारले जाते. बहुतेक जण न वाचताच ‘यस’ टाइप करतात. वाटेत कोणी तोतया सर्व्हर मांडून बसला असेल, तर आपली फाइल अगदी सुरक्षितपणे त्याच्याच हाती पडते. म्हणून विनंती अशी, की सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन करून ती फिंगरप्रिंट विचारा, अक्षर न् अक्षर ताडून पाहा आणि मगच पहिल्या प्रकरणाकडे वळा.