डोळ्याच्या काठावरची जमीन
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तंबाखू मळणाऱ्या घरात चुन्याची पुडी कुठे ना कुठे पडलेली असतेच. लहान मूल ती खेळायला घेते, दाबते, पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांना हा अपघात चांगला ओळखीचा आहे. पण डोळ्यांच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासातल्या एका मोठ्या प्रसंगाच्या मुळाशीही चुनाच आहे, हे वाचले तेव्हा मला नवल वाटले.

आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स या गावी ७ डिसेंबर १९०५ रोजी एडुआर्ड झिर्म या डॉक्टरांनी आलोइस ग्लोगार नावाच्या मजुरावर शस्त्रक्रिया केली. चुन्याने ग्लोगारचे दोन्ही डोळे पांढरे झाले होते. त्याच सुमारास अकरा वर्षांच्या एका मुलाचा जखमी डोळा काढावा लागला. त्या डोळ्याचे पारपटल, म्हणजे बुबुळावरची काचेसारखी स्वच्छ चकती, झिर्म यांनी ग्लोगारला बसवले. एका डोळ्यात ते टिकले नाही. दुसऱ्यात टिकले आणि ग्लोगार पुन्हा कामावर गेला. माणसाच्या डोळ्यावरचे हे पहिले यशस्वी पारपटल-रोपण.

यात एक कोडे आहे. पुढच्या काळात शल्यविशारदांच्या ध्यानात आले, की चुन्याने किंवा रसायनाने भाजलेल्या डोळ्यातच हे रोपण हमखास फसते. नवी चकती सुरुवातीला स्वच्छ दिसते. मग वरची साल सुटू लागते, पांढऱ्या भागातून तांबड्या रक्तवाहिन्या आत सरकतात आणि चकती गढूळ होते. दुसरी बसवा, तिचीही तीच गत. मग ग्लोगारचा एक डोळा कसा वाचला? माझा अंदाज असा, की त्या डोळ्याचा काठ बराचसा शाबूत राहिला असावा. काठाला एवढे महत्त्व का, हे कळायला मात्र पुढे ऐंशीएक वर्षे गेली.

पारपटलाची वरची साल जेमतेम पाच-सहा पेशींच्या थरांची असते. जाडी मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागाइतकी. आपण पापणी मिटतो-उघडतो तशा वरच्या जुन्या पेशी गळतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत सगळी साल नवी होते. या नव्या पेशी येतात कुठून? १९४४ साली आयडा मान या नेत्रतज्ज्ञ बाईंनी सशाच्या डोळ्यावरची जखम भरताना पाहिली. काठावरचे रंगाचे कण जखमेकडे सरकत होते. १९७१ मध्ये नॉर्वेच्या डावांगर आणि एव्हेन्सेन यांनी तर्क मांडला, की ही साल काठावरूनच भरून येत असली पाहिजे. बुबुळाचा काळा भाग संपून पांढरा सुरू होतो तिथल्या या काठाला ‘लिंबस’ म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वस्त्राचा काठ. नाव मोठे समर्पक आहे.

तरी बहुतेकांचा विश्वास वेगळ्याच गोष्टीवर होता. पांढऱ्या भागावरचे पातळ आवरण पारपटलावर सरकले, की शेजाराच्या प्रभावाने त्याच्या पेशींचे रूपांतर पारपटलाच्या पेशींत होते, असे १९५० नंतर बराच काळ मानले जाई. शेवटी १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या तुंग-तिएन सन यांच्या गटाने दाखवले, की पारपटलाच्या पेशींची ओळख सांगणारे एक केराटिन काठावरच्या सर्वांत खालच्या पेशींत अजून तयारच झालेले नसते. म्हणजे त्या पेशी कच्च्या, राखून ठेवलेल्या. १९८९ मध्ये तिथेच संथ गतीने विभागणाऱ्या पेशीही सापडल्या. या मूलपेशी. त्याच वर्षी केन्यन आणि त्सेंग यांनी चांगल्या डोळ्याच्या काठाचा तुकडा भाजलेल्या डोळ्यावर लावण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. रूपांतराची जुनी कल्पना मागे पडली. पूर्वीच्या प्रयोगांत काठावरच्या काही पेशी चुकून मागे राहत आणि त्याच साल भरून काढत, असे उघड झाले.

इथे गोष्ट संपली असती, तर बियाणे सापडले एवढेच म्हणता आले असते. मला अधिक ओढ आहे ती जमिनीच्या गोष्टीची.

१९७१ मध्येच आल्फ्रेड आणि जेन कुलोम्ब्र यांनी कोंबडीच्या भ्रूणातल्या पारपटलाची साल उंदराच्या त्वचेच्या आतल्या थराच्या सान्निध्यात आणली होती. डोळ्याची ती पारदर्शक साल चक्क पिसे आणि खवले तयार करू लागली! भ्रूणाच्या पेशी कोवळ्या, त्यांना वळण लागायचे असते, असे म्हणून हे सोडून देता आले असते. पण २००० साली फ्रान्समध्ये ग्रनोब्लच्या डानिएल दुआयी यांच्या गटाने पूर्ण वाढलेल्या सशाच्या पारपटलाच्या अगदी मधली साल घेतली आणि ती उंदराच्या भ्रूणातल्या त्वचेच्या आतल्या थरावर ठेवली. तिच्यातून केसांची मुळे उगवली. २००५ मध्ये त्यांनी हा प्रवास टप्प्याटप्प्याने मांडला. पेशी आधी पारपटलाची ओळख विसरतात आणि काठावरच्या पेशींसारख्या कच्च्या होतात. मग त्यांच्यापासून केसाचे मूळ बनते आणि त्या मुळातून पुढे त्वचा. आधी केस, नंतर त्वचा, हा उलटा क्रम मला फार विलक्षण वाटतो.

या दोन प्रयोगांच्या मधल्या काळात, २००३ साली, अमेरिकेतल्या मायामीत सशाच्याच डोळ्यावर साधी अदलाबदल करून पाहिली गेली. काठाची साल मधल्या भागाच्या थरावर ठेवली, तर ती लवकर पिकून पारपटलासारखी झाली. मधली साल काठाच्या थरावर ठेवली, तर ती कच्चेपणाकडे झुकली. म्हणजे काठावरच्या मूलपेशी मूलपेशी राहतात, यात खालच्या जमिनीचाही हात आहे.

डॉक्टरांना हे आडमार्गाने आधीच भेटले होते. १९९७ मध्ये इटलीच्या ग्राझिएला पेलेग्रिनी आणि सहकाऱ्यांनी दोन रुग्णांच्या चांगल्या डोळ्याच्या काठाचा इवलासा तुकडा प्रयोगशाळेत वाढवून भाजलेल्या डोळ्यावर बसवला. पण त्या पेशी नुसत्या काचेच्या बशीत वाढत नाहीत. त्यांच्या खाली उंदराच्या पेशींचा थर लागतो. रेनवाल्ड आणि ग्रीन यांनी १९७५ मध्ये त्वचेच्या पेशींसाठी शोधलेली ही युक्ती. त्या उंदराच्या पेशी किरणोत्साराने वांझ केलेल्या असतात. स्वतः वाढायचे नाही, फक्त सोबत करायची.

बशीतल्या या शेतीला प्रयोगशाळा लागते आणि पैसाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतले डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हा टप्पाच गाळला. चांगल्या डोळ्याच्या काठावरून दोन मिलिमीटरचा चौकोन घ्यायचा, त्याचे आठ-दहा बारीक तुकडे करायचे आणि भाजलेल्या डोळ्यावर गर्भाभोवतीचा पातळ पडदा पसरून त्यावर ते चिकटवायचे. वाढ डोळ्यावरच होते. २०१६ मध्ये १२५ डोळ्यांचा अहवाल आला. ७६ टक्के डोळ्यांत साल टिकली होती. रोपे दुसरीकडे वाढवून आणण्याऐवजी वाफ्यातच पेरणी केली, असे मी याला म्हणेन.

जमिनीतले नेमके काय पेशींना सांगते, याचे एक उत्तर २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलहून आले. काठाचा भाग मधल्यापेक्षा मऊ असतो आणि मूलपेशींना हा मऊपणा मानवतो. सशाच्या भाजलेल्या पारपटलाला त्यांनी कोलॅजन विरघळवणाऱ्या विकराने मऊ केले, तेव्हा तिथे मूलपेशींना पुन्हा थारा मिळू लागला.

आणि दोन्ही डोळे भाजले असतील तर? स्वतःचा काठच उरत नाही. जपानमध्ये ओसाका येथे नीशिदा यांच्या गटाने २००४ मध्ये दोन्ही डोळ्यांचा काठ गमावलेल्या चार रुग्णांच्या तोंडातली, गालाच्या आतली साल वाढवून डोळ्यावर बसवली. चौघांनाही पूर्वीपेक्षा बरे दिसू लागले. मात्र ही साल डोळ्यावर राहूनही बरीचशी तोंडाचीच राहते. तिच्या पेशींत तोंडाचे केराटिन सापडते आणि कडेने बारीक रक्तवाहिन्या शिरतात. सशाच्या पेशीला उंदराच्या भ्रूणातल्या थराने केस उगवायला लावले, पण माणसाच्या भाजलेल्या डोळ्याला गालाच्या पेशीची ओळख पुरती बदलता आलेली नाही.