हिरवी साय आणि उंदराची साक्ष

मंडळी, विश्रोळीच्या पूर्णा धरणाचं पाणी आपल्या ओळखीचं, म्हणून पाण्यापासूनच सुरुवात करू. साचलेल्या पाण्यावर कधी हिरवी साय धरते ना, ते पुष्कळदा निळं-हिरवं शेवाळ असतं. ते विषारी आहे की नाही, हे माणसाला कळलं कसं?

१८७८ साली जॉर्ज फ्रान्सिस यांनी ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवरावरची साय एका मेंढीला पाजली. १५ तासांत ती मेली. पुढे मेंढीच्या जागी उंदीर आला. शेवाळाचा अर्क त्याच्या पोटात टोचायचा, घड्याळ पाहायचं, मेल्यावर यकृत तपासायचं. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचा पाय इथं अडकतो. उंदीर मेला, म्हणजे विष आहे. पण कोणतं, किती? आणि तो जगला, म्हणजे विष नाहीच, असं म्हणता येतं काय? थोडं विष तो पचवतोही.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस एचपीएलसी आणि एलायझा आल्या, तेव्हा मायक्रोसिस्टिन हे विष मोजता येऊ लागलं. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरूत डायलिसिसच्या पाण्यातून हेच विष गेलं, ५० हून अधिक रुग्ण दगावले. १९९८ ला जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा घातली: लिटरला १ मायक्रोग्रॅम. एवढंसं उंदराला कुठलं दिसायला!

नुसत्या रंगावरही जाऊ नये. २०२० च्या जूनमध्ये आपलं लोणार गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासले, तर निघाले हॅलोआर्किया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव.

आणि हो, घरोघरी सांगतात, पाणी उकळून प्या. मायक्रोसिस्टिन उकळल्यानं जात नाही.