हॉक माउंटनची नोंदवही : एका पक्षिगणनेची साधनचिकित्सा

इतिहासाची साधने म्हटली की कागदपत्रे, शिलालेख, नाणी आणि बखरी एवढेच सामान्यतः आपल्या डोळ्यांपुढे येते. डोंगरावरील एका खडकावर बसून, डोक्यावरून जाणारे शिकारी पक्षी मोजून, रोज संध्याकाळी भरलेली नोंदवही हेही इतिहासाचे साधन होय, असे म्हटल्यास पुष्कळांस नवल वाटेल. तथापि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात हॉक माउंटन या ठिकाणी १९३४ च्या शरद ऋतूपासून ठेवली गेलेली नोंदवही याच पदवीस पात्र आहे. तिच्या आधारे एका मोठ्या सार्वजनिक वादात साक्ष दिली गेली. ती साक्ष कितपत ग्राह्य होती, हे तपासण्याचा येथे विचार आहे.

प्रथम स्थळाविषयी. अ‍ॅपलाचियन पर्वतसमूहाच्या पूर्व भागात किटाटिनी नावाची लांबच लांब डोंगररांग ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे गेलेली आहे. शरदात थंड हवेची लाट येऊन गेली की वायव्येचा वारा सुटतो. तो या रांगेच्या उतारावर आदळून वर वळतो. दक्षिणेकडे निघालेले श्येन, ससाणे व गरुड या उसळत्या वाऱ्यावर पंख पसरून फारसे श्रम न करता रांगेच्या धारेने पुढे सरकतात. जे पक्षी एरवी शेकडो मैलांच्या पट्ट्यात विखुरलेले असावयाचे, ते येथे एका खडकासमोरून जातात. निरीक्षकाला ही जागा जशी सोयीची, तशीच बंदूकधाऱ्यालाही. शिकारी पक्षी म्हणजे कोंबड्यांचे व मनुष्याने आपल्या शिकारीसाठी राखलेल्या पाखरांचे वैरी, ही समजूत त्या काळी सरकारमान्य होती. १९२९ मध्ये राज्याच्या शिकारखात्याने गॉसहॉक या पक्ष्याच्या, म्हणजे आपल्याकडील बाजाच्या निकटच्या नातलगाच्या, मस्तकावर पाच डॉलरांचे बक्षीस लावले. बंदूक चालविणारे मात्र जात पाहत बसले नाहीत. १९३२ मध्ये रिचर्ड पो या तरुण पक्षिप्रेमी गृहस्थांनी तेथे मारलेले पक्षी जमिनीवर ओळीने मांडून त्यांची छायाचित्रे घेतली.

ती छायाचित्रे रोझली एज या बाईंच्या पाहण्यात आली. एजबाई पूर्वी स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत काम केलेल्या. १९२९ मध्ये त्यांनी निसर्गरक्षणासाठी एक समिती स्थापन केली होती, आणि प्रस्थापित पक्षिसंरक्षक संस्थांच्या सावधपणाशी त्यांचे उघड भांडण होते. त्यांनी १९३४ मध्ये हा सुमारे चौदाशे एकरांचा डोंगर वर्षाला पाचशे डॉलर भाड्याने, खरेदीच्या हक्कासह, घेऊन टाकला. पुढे १९३८ मध्ये तो याच कामासाठी काढलेल्या संस्थेच्या स्वाधीन झाला. राखणदार म्हणून मॉरिस ब्राउन यांची नेमणूक झाली. ते पहिल्या हंगामात वेतन न घेता राहिले. त्यांच्या पत्नी इर्मा वाटेच्या तोंडाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची चौकशी करीत.

येथे साधनचिकित्सेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट येते. ब्राउन यांचे नियोजित काम पहाऱ्याचे होते. मोजणी हा त्या पहाऱ्याच्या पोटी जन्मलेला उद्योग. १९३४ मध्ये डीडीटीचे कीटकनाशक गुण कोणास ठाऊकही नव्हते, तेव्हा त्याविरुद्ध पुरावा गोळा करण्याचा हेतू लिहिणाऱ्याच्या मनात असणे शक्यच नाही. पेशव्यांच्या दफ्तरातील रोजकीर्द लिहिणाऱ्या कारकुनाला पुढे कोणी त्यावरून धान्याच्या भावांचा इतिहास लिहील अशी कल्पना नसते. म्हणूनच त्या विषयापुरती त्याची साक्ष निःपक्षपाती ठरते. ब्राउन यांच्या वहीचे मोलही याच जातीचे आहे.

परंतु निःपक्षपाती साक्षीदार अचूक असतोच असे नाही. सप्टेंबरच्या मध्यास ब्रॉड-विंग्ड हॉक हा रुंद पंखांचा श्येन मोठ्या थव्यांनी येतो. उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेच्या स्तंभात हे पक्षी घिरट्या घालीत उंच जातात. त्या भोवऱ्यात मोजू लागल्यास एकच पक्षी दोनदा मोजला जातो, म्हणून वर पोहोचून ते ओळीने पुढे घसरू लागले म्हणजे मोजावयाचे. निरभ्र निळ्या आकाशात उंचावरचा पक्षी दिसत नाही, पांढऱ्या ढगाच्या पार्श्वभूमीवर दिसतो. वारा दुसऱ्या दिशेचा असला की पक्षी रांग सोडून पांगतात. शिवाय आज खडकावर एक मनुष्य आहे, उद्या पाच आहेत, त्यांच्या दुर्बिणी निराळ्या, डोळे निराळे. तेव्हा वर्षाच्या बेरजेला शिरगणती समजणे ही चूक होय. ती बेरीज पक्ष्यांइतकीच वाऱ्याची आणि पाहणाऱ्याच्या चिकाटीचीही असते.

असे असता रेचेल कार्सन यांनी १९६२ मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात या वहीचा आधार घेतला तो कोणत्या न्यायाने? कार्सनबाईंनी एकूण बेरजेवर भिस्त ठेवली नाही, हे त्यांच्या टीकाकारांनी व भक्तांनीही पुरेसे ध्यानात घेतलेले दिसत नाही. त्यांनी बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचा गरुड, याच्या पिलांचे प्रमाण उचलले. या गरुडाचे डोके व शेपूट पांढरे होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. कोवळा पक्षी गर्द तपकिरी असतो. १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या गरुडांत कोवळे पक्षी शेकडा ४० होते. १९५५ ते १९५९ मध्ये ते शेकडा २० वर आले. आणि १९५७ साली ३२ प्रौढांमागे एकच कोवळा पक्षी दिसला. वारा प्रतिकूल असो वा निरीक्षक थकलेला असो, त्याचा फटका प्रौढांना व कोवळ्यांना साधारण सारखाच बसतो. म्हणून बेरीज डळमळीत असतानाही प्रमाण बरेच स्थिर राहते. कार्सनबाईंची निवड उत्तम साधनचिकित्सकाची होती, असे आमचे मत आहे.

तरीही काही आक्षेप राहतातच. ग्रंथ वाचून मिटल्यावर वाचकाच्या मनात रेंगाळतो तो १९५७ चा आकडा, आणि पुराव्याच्या दृष्टीने तोच सर्वांत दुबळा. एकाच वर्षाचा, थोड्या पक्ष्यांवर आधारलेला आकडा योगायोगानेही टोकाचा येऊ शकतो. खरे वजन पाच-पाच वर्षांच्या दोन गटांच्या तुलनेस आहे. दूर उडणारा कोवळा बाल्ड ईगल आणि सोनेरी गरुड यांच्यात घोटाळा होणे शक्य असते, हेही विसरता येत नाही. आणि वहीतच एक खिंडार आहे. महायुद्धात ब्राउन नौदलात गेले, आणि १९४३ ते १९४५ या तीन वर्षांची गणना झालीच नाही. डीडीटी नागरी वापरासाठी खुले झाले ते १९४५ मध्ये. घसरण केव्हा सुरू झाली हे ठरविण्यास ज्याच्या लगतपूर्वीच्या नोंदी हव्या होत्या, नेमका तोच काळ कोरा आहे.

शिवाय ही वही काय घडले ते सांगते, का घडले ते सांगत नाही. कारणासाठी दुसरी साधने लागली. फ्लॉरिडात चार्ल्स ब्रोली हे निवृत्त बँक-अधिकारी गरुडाच्या पिलांच्या पायांत कडी घालीत असत. १९४७ पासून त्यांना घरट्यांत पिले कमी आढळू लागली. ही साक्ष स्वतंत्र असून हॉक माउंटनच्या साक्षीशी जुळते. त्यानंतर १९६७ मध्ये इंग्लंडात डेरेक रॅटक्लिफ यांनी आणि १९६८ मध्ये अमेरिकेत हिकी व अँडरसन यांनी संग्रहालयांतील जुनी अंडी तपासून दाखविले की शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे याच काळात एकाएकी पातळ झाली होती. ती अंडीही बहुतांशी हौशी संग्राहकांनी छंदापायी जमविलेली. येथेही साधन निर्माण करणाऱ्याचा हेतू एक आणि उपयोग दुसरा. अमेरिकेत डीडीटीच्या बहुतेक वापरावर १९७२ मध्ये बंदी आली. बाल्ड ईगल २००७ मध्ये संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून वगळण्यात आला.

स्थलांतराशी संबंध नसला तरी याच स्वरूपाचे एक भारतीय उदाहरण येथे नमूद करणे योग्य होईल. भरतपूरच्या केवलादेव अरण्यात विभू प्रकाश यांनी १९८० नंतरच्या दशकात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास केला, तेव्हा गिधाडे इतकी विपुल होती की त्यांची कोणास चिंता नव्हती. पुढील दशकाच्या अखेरीस तीच मोजणी पुन्हा करता त्यांना जो विनाश दिसला, त्याचे वृत्त मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९९९ मध्ये आले. डायक्लोफिनॅक हे गुरांचे औषध त्यास कारण असल्याचे २००४ मध्ये सिद्ध झाले, आणि २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. आधीची निर्हेतुक मोजणी नसती तर ऱ्हासाचे माप काढावयास आधारच उरला नसता.

हॉक माउंटनवरील गणना आजही चालू आहे. १९७४ मध्ये उत्तर अमेरिकेतील अशा गणकांची एक संघटना स्थापन झाली. निरीक्षणाचे तास, वारा, ढग व निरीक्षकांची संख्या यांची नोंद ठराविक नमुन्यात होऊ लागली. याचा अर्थ नंतरच्या नोंदींशी ब्राउनकालीन नोंदींची तुलना करताना दर तासाचे प्रमाण काढूनच पुढे जावे लागते. दरम्यान एक नवी अडचण उभी राहिली आहे. हिवाळे सौम्य होत चालल्यामुळे रेड-टेल्ड हॉकसारखे काही पक्षी पूर्वीइतके दक्षिणेस येत नाहीत, वाटेत उत्तरेकडेच थांबतात. अशा जातीची शरदातील संख्या घटली तर पक्षी मेले की वरच राहिले, याचे उत्तर खडकावरच्या वहीत सापडत नाही. त्यासाठी उत्तरेकडील हिवाळी गणनांच्या नोंदी शेजारी ठेवून दोन्ही एकत्र वाचाव्या लागतात.