काचेच्या पेटीतला सूर्य

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

घरात समुद्र ठेवायचा म्हटले की माणसाच्या मनात आधी पाण्याचा प्रश्न येतो. खारे पाणी आणायचे कोठून, ते टिकवायचे कसे, खराब झाले तर बदलायचे कसे? नुसते मासे पाळायचे असतील तर हा प्रश्न बरोबरच आहे. पण मोठ्या काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळांचा खडक जोपासायचा असेल, तर पाण्याइतकाच, किंबहुना त्याहून अवघड प्रश्न उजेडाचा असतो. गंमत अशी, की ही साधी वाटणारी गोष्ट नीट उमगायला माणसाला सव्वाशे वर्षे लागली. त्या सव्वाशे वर्षांची आणि त्यानंतरच्या काळाची हकिकत मी आज सांगणार आहे.

प्रवाळ म्हटले की आपल्याला अंगठीतले पोवळे आठवते. पोवळे हाही प्रवाळाचाच सांगाडा; पण तो लाल प्रवाळ अंधाऱ्या, सावलीच्या जागी वाढतो. मी बोलतो आहे ते उष्ण समुद्रात, उथळ पाण्यात खडक उभारणाऱ्या प्रवाळांविषयी. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याचा एकेक जीव बहुधा काही मिलिमीटरांचा. वर तोंड, तोंडाभोवती बोटांसारख्या शुंडकांचे कडे आणि खाली स्वतःच बांधलेले चुन्याचे घर. अशी लाखो घरे एकमेकांना चिकटून हजारो वर्षे वाढत राहिली, की प्रवाळभित्ती तयार होते.

आपल्या कथेची सुरुवात १८४६ मध्ये इंग्लंडच्या टॉर्की गावच्या किनाऱ्यावर होते. ॲना थिन या बाईंना तिथे खडकाला चिकटलेले छोटे प्रवाळ दिसले. ते लंडनला न्यायचे तर वाटेत हिंदकळून मरतील, म्हणून त्यांनी सुईदोऱ्याने ते एका स्पंजला टाचले आणि बरणीत घालून घरी नेले. लंडनमध्ये समुद्र नाही. पाणी शिळे होऊ नये म्हणून रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचे, असा त्यांनी परिपाठ ठेवला. आपण चहा निववतो ना, तसाच प्रकार! हे कंटाळवाणे काम बहुतेक वेळा घरच्या मोलकरणीच्या वाट्याला येई. पुढच्या वर्षी त्यांनी पाण्यात समुद्रवनस्पती सोडल्या आणि मग ओतणे कमी झाले. त्यांचे प्रवाळ सुमारे तीन वर्षे जगले.

त्याआधी, १८२९ च्या सुमारास, लंडनचेच एक डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी बंद बाटलीत फुलपाखराच्या जातीचा एक कोष ठेवला होता. कोषाचे राहिले बाजूला. बाटलीतल्या ओल्या मातीत नेचे उगवले आणि झाकण न उघडताही वाढत राहिले. बंद काचेत झाड जगते, हे त्यातून कळले. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने पुढची पायरी गाठली. त्याने काचेच्या भांड्यात सोन्यासारखे दोन मासे, एक पाणवनस्पती आणि कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगाई एकत्र ठेवल्या. वनस्पती प्राणवायू देते, मासे घेतात, गोगलगाई सफाई करतात, असा हा संसार चालला. हा तोल म्हणजेच आजच्या प्रत्येक घरगुती मत्स्यालयाचा पाया.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यगृह उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप गॉस यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले. इंग्लंडमधला काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, आगगाडीने किनारा जवळ आणला होता. मग काय, घरोघरच्या दिवाणखान्यात समुद्राची पेटी आली. लोक टोपल्या, हातोड्या घेऊन किनाऱ्यावर लोटले आणि खडकांमधली डबकी ओरबाडून रिकामी केली. गॉस यांचा मुलगा एडमंड याने पुढे १९०७ मधल्या आपल्या आठवणींत बापाच्या पुस्तकांनी किनाऱ्याची जी दशा केली, तिच्याबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. छंदाचे बिल समुद्राने भरायचे, ही रीत तेव्हाच सुरू झाली.

या सगळ्या काळात उजेडाबद्दल लोकांचे मत काय होते? तर उजेड म्हणजे उपद्रव. पेटी उन्हात ठेवली की पाणी हिरवे होई, काचेवर शेवाळ चढे, मासे तापून मरत. म्हणून पेटी उत्तरेच्या खिडकीत ठेवा, कडेने आडोसा करा, असा जाणकारांचा सल्ला असे. ॲना थिनबाईंचे प्रवाळ मंद उजेडात जगले होते, तेव्हा हा सल्ला खोटा ठरण्याचे कारण नव्हते. पण ते थंड समुद्रातले, एकेकटे राहणारे प्रवाळ. त्यांना उजेड लागतच नाही. उष्ण समुद्रातल्या भित्तीकाठच्या प्रवाळांचे गणित अगदी वेगळे होते आणि ते कोणाला माहीत नव्हते.

त्या गणिताचा पहिला धागा १८८१ मध्ये हाती आला. कार्ल ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञाने समुद्रातल्या काही जीवांच्या शरीरात राहणाऱ्या पिवळसर पेशी पाहिल्या, त्या शैवालाच्या आहेत हे ओळखले आणि त्यांना नाव दिले. प्रवाळांच्या अंगातही असे शैवाल असते. पण हा भाडेकरू घरमालकाला भाडे देतो की नाही, यावर वाद रंगला. १९२८-२९ मध्ये मॉरिस याँग यांच्या नेतृत्वाखाली एक ब्रिटिश मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वर्षभर मुक्काम करून राहिली. त्यांनी प्रवाळांना काळोख्या पेटीत कोंडून पाहिले. प्रवाळांनी अंगातले शैवाल बाहेर टाकले, पण खाऊ घातलेले काही प्रवाळ तरीही जगले. त्यावरून याँग यांनी निष्कर्ष काढला, की शैवाल फार तर प्रवाळाची घाण साफ करते, त्याला जेवू घालत नाही.

हा निष्कर्ष उलटला तो युद्धानंतर, किरणोत्सारी द्रव्यांच्या मदतीने. जमैकात काम करणाऱ्या थॉमस गोरो यांनी १९५९ मध्ये दाखवले, की प्रवाळाचा चुना अंधारापेक्षा उजेडात कितीतरी वेगाने साठतो. १९६९ मध्ये मस्कटाइन आणि सर्निकियारी या दोघांनी किरणोत्सारी कार्बनचा माग काढला. शैवालाने उजेडात तयार केलेले अन्न प्रवाळाच्या शरीरात उतरताना त्यांना स्पष्ट दिसले. म्हणजे प्रवाळ हा प्राणी खरा, पण शेती करणारा प्राणी. त्याचे शेत त्याच्या कातडीच्या आत आहे आणि त्या शेताला ऊन लागते.

प्रयोगशाळेत हे चालले असताना घरोघरच्या टाक्यांमध्ये काय होते? १९५० आणि १९६० च्या दशकांत खाऱ्या पाण्याच्या टाकीत शोभेला मेलेल्या प्रवाळांचे पांढरे सांगाडे ठेवत आणि त्यावर शेवाळ चढले की ब्लीचने धूत. जिवंत प्रवाळ आणलेच तर काही आठवड्यांत मरत. अपवाद दोन ठिकाणी दिसतात आणि दोन्ही उन्हाच्या देशांत. न्यू कॅलेडोनियातल्या नूमेआ येथे रने कताला यांनी १९५६ मध्ये उघडलेल्या मत्स्यालयात समुद्राचे वाहते पाणी आणि दिवसाचा उजेड यांवर प्रवाळ वाढत होते. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत सांगितली. समुद्रातले जीवजंतूंनी भरलेले खडक, हवेचे थोडे बुडबुडे आणि ऊन. बस्स, एवढेच! लेख वाचणाऱ्यांनी तो प्रयोग थंड देशांत करून पाहिला. खडक मिळाला, पण जकार्ताचे ऊन कोठून आणणार?

ते ऊन शेवटी कारखान्यातून आले. मेटल हॅलाइड दिव्याचा शोध १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत लागला. आपण तो पाहिला आहे तो क्रिकेटच्या मैदानावर, रात्रीचा दिवस करताना. जर्मन आणि स्विस छांदिष्टांनी हा मैदानावरचा दिवा टाकीवर टांगला. पेटर विल्केन्स, बर्लिनचे दिट्रिख श्ट्यूबर आणि त्यांचे सोबती यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत जी रीत बसवली, तिला ‘बर्लिन पद्धत’ म्हणतात. तिचे चार खांब. पहिला, जिवंत खडक. दुसरा, फेस काढणारे यंत्र. गुऱ्हाळात काहिलीतल्या रसावरची मळी काढतात, तशी ते पाण्यातली मळी फेसाबरोबर वर काढते. तिसरा, चुन्याची निवळी. पानवाल्याकडचा चुना पाण्यात कालवून निवू दिला की वर जे स्वच्छ पाणी राहते, तेच हे. प्रवाळाला घर बांधायला लागणारा माल त्यातून मिळतो. आणि चौथा खांब, प्रखर उजेड. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने घरातल्या छोट्या प्रवाळभित्तीची कल्पना अमेरिकेत पोहोचवली आणि मग हा छंद जगभर गेला.

आता या पद्धतीने घरी मोठी टाकी उभारायची तर हिशेब कसा मांडतात, ते थोडक्यात पाहू. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी टाकी धरा. तिच्यात सुमारे ६८० लिटर पाणी मावते. काच, खडक धरून वजन टनाच्या घरात जाते. म्हणजे आधी इमारतीच्या स्लॅबचा विचार. उंची दोन फुटांवर नेली, तर तळाशी पुरेसा उजेड पोहोचवणे जड जाते. म्हणून जाणकार टाकी उंच करण्यापेक्षा रुंद करतात. उजेड मोजायचा तो डोळ्याने मोजून चालत नाही, कारण डोळा फसवा आहे. कमी उजेडाला तो चटकन सरावतो. दर चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणारे, शैवालाला उपयोगी असे प्रकाशकण मोजतात. भर दुपारी उष्ण प्रदेशातल्या समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा २००० मायक्रोमोलच्या आसपास असतो. मऊ प्रवाळांचे शंभराच्या आतबाहेर भागते, फांद्यांच्या कठीण प्रवाळांना दोनशे ते साडेतीनशे हवे. आपल्या दिवाणखान्यात ट्यूबलाइट लावली तर तो आकडा दहाच्याही आत राहतो. लख्ख वाटणारी खोली प्रवाळाच्या दृष्टीने काळोखी कोठडी असते.

उजेडाचा रंगही महत्त्वाचा. समुद्रात तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, निळा खोलवर जातो. प्रवाळातले शैवाल त्या निळ्या उजेडाला सरावलेले असते. म्हणून दिव्यांत निळ्याचा अंश जास्त ठेवतात, दिवस दहा-बारा तासांचा धरतात आणि नवा प्रवाळ एकदम प्रखर उजेडात न ठेवता हळूहळू सरावतात. मेटल हॅलाइडची अडचण होती ती उष्णतेची. अडीचशे वॅटचे तीन दिवे दहा तास जळले, तर दिवसाला साडेसात युनिट, महिन्याला सव्वादोनशे. शिवाय तापलेले पाणी थंड करायचे यंत्र वेगळे. यातून सुटका केली ती एलईडीने. निळ्या एलईडीचा प्रश्न जपानमध्ये १९९० च्या दशकात सुटला. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना त्यासाठी २०१४ चे नोबेल मिळाले. जगाला त्यातून पांढरे दिवे मिळाले. प्रवाळ पाळणाऱ्यांना मात्र निळाच हवा होता!

इतके सगळे कशासाठी, असे कोणी विचारील. दिवाणखान्याच्या शोभेसाठी समुद्र ओरबाडायचा का? प्रश्न रास्त आहे. भारतात २००१ मध्ये खडक उभारणारे सर्व प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले आणि आपल्या समुद्रातून ते काढणे, विकणे गुन्हा ठरले. मालवणच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यातही प्रवाळ आहेत. ते तिथेच पाहावेत, हे मला योग्य वाटते. दुसरीकडे, श्ट्यूबर यांच्यासारख्यांनी आपल्या टाकीतल्या प्रवाळाची फांदी तोडून दुसऱ्याला दिली, त्याने तिसऱ्याला. जास्वंदीची फांदी शेजारी लावावी तसा एका टाकीतला प्रवाळ देशोदेशी गेला. हा मार्ग समुद्राला हात न लावणारा आहे.

आणि आता समुद्रालाच त्या फांद्यांची गरज पडू लागली आहे. पाणी एखाददोन अंशांनी जास्त तापून राहिले, की प्रवाळाच्या अंगातल्या शैवालाला तोच उजेड सोसेनासा होतो आणि प्रवाळ त्याला बाहेर टाकतो. याँग यांच्या काळोख्या पेटीत जे घडले, ते भर उन्हात घडते. प्रवाळ पांढरा पडतो आणि उपासमारीने मरू लागतो. १९९८, २०१०, २०१४ ते २०१७ आणि पुन्हा २०२३ पासून हे जगभर घडले. आपल्या लक्षद्वीपलाही त्याचे मोठे फटके बसले. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाच्या शास्त्रज्ञांनी तापलेल्या समुद्रातून प्रवाळ काढून किनाऱ्यावरच्या टाक्यांत हलवले. टाकी हा तेव्हा आसरा झाला.

मला या इतिहासात सगळ्यात मोलाचे वाटते ते लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातले काम. प्रवाळ वर्षातून एकदा, ठरावीक ऋतूत, बहुधा पौर्णिमेनंतरच्या रात्री आपली बीजे पाण्यात सोडतात. जेमी क्रॅग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकीवर वर्षभराचा सूर्य उभा केला. ऋतूप्रमाणे कमीजास्त होणारा दिवस, पाण्याचे तापमान आणि त्याबरोबर रोज वाढणारा, घटणारा चंद्रही. टाकीतल्या प्रवाळांनी त्या खोट्या चंद्राच्या हिशेबाने बीजे सोडली. ही पद्धत त्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०१९ मध्ये फ्लोरिडात, हॉर्निमनच्याच सहकार्याने, तिथला दुर्मिळ होत चाललेला खांबासारखा प्रवाळ प्रयोगशाळेत प्रसवला.

ॲना थिनबाईंच्या शहरातच हे घडले, हा योगायोग. त्यांच्या मोलकरणीने खिडकीपाशी ओतलेल्या पाण्यापासून काचेवरच्या चंद्रापर्यंतची ही वाट शास्त्रज्ञांनी आणि हौशी लोकांनी मिळून चालली आहे. समुद्र समजून घ्यायला त्यांनी तो घरात आणला. आता घरात शिकलेले समुद्राला परत द्यायची वेळ आली आहे.